आबांची गुरुवारची काडी

आबा गेल्याचा फोन आला तेव्हा मी तासावर होते. बारामतीच्या कॉलेजात गेली सव्वीस वर्षं मी प्राणिशास्त्र शिकवते. मुली सूक्ष्मदर्शकात बघून आकृत्या काढत होत्या आणि नेहमीप्रमाणे निम्म्या जणी शेजारणीच्या वहीत बघून काढत होत्या. फोन आबांच्या मुलीचा, सुजाताचा. "मंगलताई, आबा गेले," एवढंच ती बोलली. आणि खरं सांगते, माझ्या मनात पहिला विचार आला तो आबांचा नव्हता. पहिला विचार आला तो त्यांच्या घरामागच्या खोलीतल्या नायट्रोजनच्या डब्याचा. तो कोरडा पडला असेल तर? दुसरा विचार आला मी आबांशी बोललेल्या खोट्याचा. रडू आलं ते तिसऱ्या नंबरावर. आबांना हे सांगता आलं असतं तर ते म्हणाले असते, "बरोबर हाय, कामाचं आधी." आज सहा आठवडे झाले, तरी ते दोन विचार रडण्याच्या आधी आले ही गोष्ट मला सोडत नाही. ते खोटं समजायचं तर आधी आबा समजायला हवेत, आणि आबा समजायला दोन घोड्या.

आबा म्हणजे डॉक्टर सदाशिवराव, मुक्काम वरकुटे, तालुका इंदापूर. सरकारी गुरांच्या दवाखान्यात उभी हयात काढलेला माणूस. उंची बेताची, आवाज मात्र उसाच्या फडाच्या त्या टोकाला पोचणारा. "निम्म्या तालुक्यातल्या गाया मी आतनं वळखतो," असं ते म्हणत, आणि समोर नवी सून चहा घेऊन उभी असली तरी म्हणत. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते कळंबला, आमच्या गोठ्यात. मी बारावीत होते. भर दुपारी गाय अडली होती, वासरू आडवं आलं होतं आणि घरातला प्रत्येक जण दुसऱ्याला ओरडत होता. आबांनी मला साबणाच्या पाण्याची बादली देऊन जवळ उभं केलं, खांद्यापर्यंत हात आत घातला आणि डोळे मिटले. मी घाबरून विचारलं, "डोळे का मिटले?" तर म्हणाले, "मिटल्याबिगर दिसत न्हाय." गाय वाचली, वासरूही वाचलं. माझ्या घरी माझं माणसांची डॉक्टर होणं ठरलं होतं, ते मात्र त्या दुपारी मोडलं. मी प्राणिशास्त्र घेतलं. आईनं आबांना त्याबद्दल शेवटपर्यंत माफ केलं नाही, पण आल्यावर चहा दर वेळी केला.

निवृत्तीनंतर माणसं देवळात रमतात, नाहीतर दूरदर्शनसमोर. आबा घोड्यांत रमले. आमच्या भागातले धनगर दसरा-दिवाळी झाली की मेंढरं घेऊन मावळतीला, कोकणाच्या वाटेला लागतात, आणि त्यांचं बिऱ्हाड वाहायला असतं भीमथडी जातीचं घोडं. अंगानं लहान, पण घाटात न थकणारं. आता बरीच बिऱ्हाडं पिकअपमध्ये चढली आणि घोडी कमी कमी होत गेली. "पूर्वी महिन्यात चार बोलावणी घोड्यांची यायची, आता वर्षात एक येत न्हाय. घोडी ठणठणीत झाली असं समजू नको, घोडीच न्हायती," असं आबा मला म्हणाले होते. त्याच सुमारास पुण्याकडच्या एका प्रयोगशाळेतले लोक त्यांना भेटले. मेलेल्या देशी घोड्यांच्या अंडाशयाचे तुकडे जपून ठेवायचे, घोड्या गाभण का राहत नाहीत आणि त्यांच्या पोटातलं बीज बाहेर कसं वाढवता येईल ते शोधायचं, असं ते काम. घोडी आपली सगळी बीजं जन्मताना घेऊन येते आणि तिच्यामागे काही तासांत तीही मरतात. तेवढ्या वेळात अंडाशय काढून, पातळ काप करून, पेशींत बर्फ धरू नये म्हणून दाट द्रावणात बुडवून ते थेट अतिथंड द्रव नायट्रोजनमध्ये टाकले, तर वर्षानुवर्षं जसेच्या तसे राहतात. आबांना काप करायचे होते आणि ते तपासायला सूक्ष्मदर्शकवाली हवी होती. "प्रोफेसरीणबाई, रिकाम्या हायसा न्हवं?" असा फोन आला. मी रिकामी नव्हते. पण आबांना नाही म्हणायची सोय आमच्या घरात बारावीपासून नव्हती.

वरकुट्याच्या शिवारात हिराबाई धनगरीण राहते. मी तिला हिरामावशी म्हणते. तिच्याकडे तेव्हा दोन घोड्या होत्या, म्हातारी चंद्री आणि चंद्रीची एकुलती एक लेक पाखरी. पाखरी दोनदा गाभडली होती, पुढं गाभण राहिलीच नव्हती. म्हणजे चंद्रीचा वंश तिथंच थांबणार हे दिसत होतं. आबांनी विषय काढला तेव्हा मावशी एका वाक्यात मोकळी झाली, "आमच्यात चिरत न्हाईत." तिच्या घरची रीतच तशी. घोडी मेली की हळदकुंकू लावून, मावळतीला तोंड करून, अंगाला सुरी न लावता पुरायची. ज्या वाटेनं ती जन्मभर चालली त्या वाटेकडं बघत. आबांनी वाद घातला नाही. ते आठवड्याला एकदा तिच्या वाड्यावर जाऊन मेंढरांचे खूर बघायचे, चहा प्यायचे आणि परत यायचे. चार-पाच महिन्यांनी तीच म्हणाली, "चिरा. पन जे काय काढाल त्यातलं ठिवायचं तेवढं ठिवा आन् बाकीचं समदं दिस मावळायच्या आत तिच्यासंगं खड्ड्यात गेलं पायजे. आन् निम्मं हितंच ऱ्हाईल, वरकुट्यात. माझी घोडी मी समदी पुन्याला धाडणार न्हाय." मग तिनं सगळे विचारतात ते विचारलं, यातून शिंगरू होईल का. आबा म्हणाले, "आज न्हाय. उद्याचं मी सांगत न्हाय." प्रयोगशाळेच्या लोकांना ही अट विचित्र वाटली, पण आबांनी घरामागच्या खोलीत स्वतःचा डबा आणून ठेवला.

चंद्री उन्हाळ्यात गेली, सकाळी, बाभळीखाली. आम्ही दोन तासांत पोचलो. आबांनी कुशीत चीर दिली, दोन्ही अंडाशयं काढली, धुतली आणि त्यांच्या जुन्या स्टीलच्या थर्मासमध्ये गार द्रावणात ठेवली. मागच्या खोलीत टेबलावर पांढरं कापड अंथरून काम सुरू झालं. मी मोबाइलवर वेळ लावत होते, आबा काप काढत होते. वरचा थर सोलून तांदळाच्या दाण्याएवढे तुकडे... हात इतका सराईत की मध्येच डोळे मिटायचे. तुकडे डब्यात गेले. उरलेला मधला गर आबांनी स्वच्छ फडक्यात बांधला आणि कबूल केल्याप्रमाणे दिवस मावळायच्या आत मावशीच्या हातात दिला. तिनं त्याला हळदकुंकू लावलं, चंद्रीच्या पोटाशी ठेवलं आणि माती लोटली. परत येताना आबा खुशीत होते. मीही होते.

आठवड्यानं मी तपासणीसाठी बाजूला काढलेल्या तुकड्यांच्या काचपट्ट्या बघायला बसले. पहिल्या पट्टीत बीज नाही. दुसऱ्या पट्टीत नाही. नुसते धागे धागे. दहा पट्ट्या झाल्या तेव्हा मी कपाटातलं जाड पुस्तक काढलं. त्यात एका परिच्छेदात सरळ लिहिलं होतं. गाईची, म्हशीची, शेळीची बीजं अंडाशयाच्या वरच्या थरात असतात. घोडीचं सगळं उलटं. तिची बीजं आतल्या गरात असतात, वर नुसतं जाड आवरण. हे पुस्तक बावीस वर्षं माझ्या कपाटात होतं, त्यातलं गाईचं चित्र मी दरवर्षी फळ्यावर काढत होते आणि ते पान उलटायची तसदी मी कधी घेतली नव्हती. म्हणजे जे ठेवायचं ते आम्ही पुरलं होतं आणि जे पुरायचं ते ठेवलं होतं. तेही हळदकुंकू लावून.

आबा दुसऱ्या दिवशी एसटीनं बारामतीला आले. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बराच वेळ बसले. मग म्हणाले, "शिकलो हुतो गं. परीक्षेत लिवलं बी हुतं. हात इसरला." त्यांचा तो चेहरा मला बघवेना. आणि मी, शिकलेली बाई, त्यांना म्हणाले, "आबा, मावशींना कशाला सांगायचं? त्यांना काय कळतंय आतलं आणि बाहेरचं. पाखरी आहे अजून, पुढच्या वेळी नीट करू." इतक्या वर्षांत आबा माझ्यावर एकदाच चिडले, ते तेव्हा. ओरडले नाहीत. नुसतं "चल" म्हणाले आणि पिशवी उचलून चालायला लागले. इंदापूरच्या गाडीत दोघं शेजारी बसलो, पण ते खिडकीबाहेरच बघत राहिले.

मावशी कोकरं वेगळी काढत होती. आबांनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, काहीही न लपवता, चूक माझीसुद्धा होती हे मात्र गाळून. ती ऐकत राहिली. मग तिनं विचारलं, "तुमी सांगितलं नसतं तर मला कळलं असतं का?"

"न्हाय," आबा म्हणाले.

"मग कशापायी सांगितलं?"

"तू दर आठवड्याला यिऊन त्या डब्याम्होरं हात जोडलं असतंस, हिराबाई. आन् मी शेजारी हुबा ऱ्हाऊन बघत बसलो असतो."

 मावशी कोकरं सोडून मेंढरांमागं निघून गेली. पुढं वर्षभर ती आबांशी बोलली नाही, आणि तिच्या भावकीतल्या कुणीही घोडी दाखवायला आबांना बोलावलं नाही. डब्यातली ती सालपटं आबांनी बाहेर काढली, चंद्रीच्या खड्ड्यापाशी नेली आणि एकट्यानं पुरली. मला हे पुष्कळ नंतर कळलं.

त्या वर्षात आबांनी सत्तरीच्या उंबरठ्यावर घोडी नव्यानं शिकायला घेतली. मागच्या खोलीतल्या भिंतीवर त्यांनी कोळशानं एकच शब्द लिहिला, 'आतलं'. आणि डाळिंबं कापायला सुरुवात केली. आमच्या इंदापूर भागात डाळिंबाला तोटा नाही. डाळिंब मधोमध चिरायचं, साल बाजूला, दाणे न फोडता पडदा सुटा करायचा. डोळे उघडे ठेवून. मी गेले की वाटीभर दाणे पुढं येत. "खा, आज अकरा घोड्या झाल्या," असं म्हणत. हसायचे, पण डबा भरून घेणं त्यांनी एकदाही चुकवलं नाही. डब्यात काही नव्हतं तरी. मी एकदा विचारलं, "रिकाम्या डब्याला कशाला नायट्रोजन पाजताय?" तर म्हणाले, "बोलावणं आलं तर म्हणू का, थांब, डबा गार करतो?"

बोलावणं आलं. मावशीच्या सुनेनं नंबर लावून दिला आणि मावशी इतकंच बोलली, "डॉक्टर, पाखरी गेली. पोट फुगून गेली. डबा घिऊन या. आन् ह्या खेपंला आतलं." त्या शेवटच्या शब्दावर आबा फोन धरून उभेच राहिले, असं सुजाता सांगते. या वेळी आबांनी काप मागच्या खोलीत काढले तेव्हा मावशीला समोर बसवलं होतं. त्यांनी अंडाशय मधोमध चिरून तिच्यापुढं धरलं. ती बराच वेळ बघत होती. "म्हंजी वरनं काय बी दिसत न्हाय," ती म्हणाली. "न्हाय दिसत," आबा म्हणाले. "बरं हाय," ती म्हणाली आणि पदर सावरून नीट बसली. संध्याकाळच्या आत साल आणि बाकीचं सगळं पाखरीसोबत मातीत गेलं. आठवड्यानं मी काचपट्टी बघितली आणि आबांना फोन केला. "आबा, आहेत." पलीकडून फोन बंद झाला. दहा मिनिटांनी पुन्हा वाजला. "कितीक?" आवाज ओला होता. मी म्हटलं, "मोजत नाही बसले, पुष्कळ आहेत." निम्मे तुकडे प्रयोगशाळेत गेले, निम्मे वरकुट्यात राहिले.

तेव्हापासून गुरुवार सुरू झाले. नायट्रोजन झाकण लावूनही हळूहळू उडून जातो, आणि तो किती उरला हे वरून कळत नाही. आबा लाकडाची एक लांब काडी डब्यात तळापर्यंत बुडवायचे, थोडं थांबायचे, बाहेर काढून हवेत हलवायचे. जिथपर्यंत नायट्रोजन असेल तिथपर्यंत काडीवर बर्फाचं पांढरं धरायचं. ते मोजून आबा आकडा कॅलेंडरवर लिहायचे. मावशी दर गुरुवारी यायची. तिला आकडा नको होता. "आकडा मला काय दिसतुया?" म्हणून तिनं काडी हातात घेतली, भिंतीला उभी लावली आणि पांढऱ्याएवढी रेघ कोळशानं ओढली. 'आतलं' या शब्दाच्या शेजारी रेघांची रांग लागली. प्रत्येक रेघ आधीच्यापेक्षा थोडी आखूड, आणि फार आखूड झाली की गुरांच्या दवाखान्यांना नायट्रोजन पोचवणारी गाडी यायची, की पुन्हा उंच. खोलीला कुलूप असायचं. किल्ली कुठं असते ते आबांना आणि मावशीला माहीत.

मग आबांना बारामतीच्या दवाखान्यात हलवलं. छातीत पाणी झालं होतं. मी कॉलेज सुटल्यावर जायचे. शेवटच्या भेटीत तोंडावर मास्क होता, बोलवत नव्हतं. त्यांनी डावा हात वर केला, बोटांनी काहीतरी बुडवून बाहेर काढल्यासारखं केलं आणि माझ्याकडं बघितलं. मला कळलं. आबा तीन आठवडे घरी नव्हते, डबा भरायला आला होता, आणि मी वरकुट्याला पाऊलही टाकलं नव्हतं. उत्तरपत्रिका होत्या, घरी पाहुणे होते... कारणं काय, हवी तेवढी. मी त्यांचा हात खाली घेतला आणि म्हणाले, "भरलाय, आबा." त्यांनी डोळे मिटले. मी मनात ठरवलं, शनिवारी नक्की जाऊ. शुक्रवारी सुजाताचा फोन आला.

एका म्हाताऱ्या बाईपुढं उभं राहून, तिला कधीच कळलं नसतं असं सत्य ज्यानं सांगितलं, त्या माणसाशी मी बोललेलं शेवटचं वाक्य खोटं होतं. वरकुट्याला अंत्यविधीला गेले तेव्हा मागच्या खोलीला कुलूप होतं. माणसं दाटली होती, सुजाता कोपऱ्यात बसली होती. अशा वेळी डब्याचं कोण विचारणार? मी त्या कुलपाकडं बघत उभी राहिले आणि परत आले. सावडण्याच्या दिवशी गर्दी पांगल्यावर धीर करून सुजाताला विचारलं, मागच्या खोलीची किल्ली कुठं आहे. ती म्हणाली, "हिराबाईंकडं. आबा दवाखान्यात गेल्यापासून."

मावशी मागच्या पायरीवरच बसली होती. मी समोर जाऊन उभी राहिले, तिनं कनवटीची किल्ली काढून कुलूप उघडलं. मी आधी भिंतीकडं बघितलं. शेवटून दुसरी रेघ उंच होती, कॅलेंडरवर मात्र आबांचा आकडा थांबल्यापासून काहीच नव्हतं. "गाडीवाला ह्या वाटंला वळत न्हवता," मावशी सांगायला लागली. "म्हनं डॉक्टर न्हाईत तर कुनाचा डबा भरू? मी मेंढरं रस्त्यात घातली. समदी. म्हटलं, डबा भर, मग मेंढरं काढते. हॉर्न वाजवून वाजवून दमला. शेवटाला उतरला आन् भरून गेला." कधी, असं मी विचारलं. तिनं मोजून सांगितलं. मी आबांशी खोटं बोलले त्याच्या दोन दिवस आधी.

म्हणजे मी बोलत होते तेव्हा ते खरं होतं. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, आणि क्षणभर वाटलंही... पण मी ते खरं म्हणून बोलले नव्हते. गप्प राहता आलं असतं. मावशीला कधीच कळलं नसतं. मी तिला सगळं सांगितलं. दवाखान्यातलं, उत्तरपत्रिकांचं, आणि त्या जुन्या वर्षी, तिला काही सांगू नका म्हणून मी आबांना म्हणाले होते, तेही. सांगताना मला रडू आलं, आणि या वेळी ते पहिल्या नंबरावर आलं. ती ऐकत राहिली, तेव्हा आबांचं ऐकत होती तशीच. मी वाट बघत होते की आता ही उठून मेंढरांमागं जाईल. ती उठली, कोपऱ्यातली काडी घेतली आणि माझ्या हातात दिली. म्हणाली, "मग गुरवारी येत जावा, म्याडम. माझं गुडघं दुखत्यात."

प्रयोगशाळेनं डबा सांभाळायची तयारी दाखवली होती. मावशीनं नाही म्हटलं, सुजातानं खोली तशीच ठेवली. मी दर गुरुवारी कॉलेज सुटलं की वरकुट्याची गाडी धरते. गेल्या गुरुवारी गाडीवाला न बोलवता आला, मेंढरांची धास्ती त्यानं चांगलीच घेतली आहे. तो भरून गेल्यावर मी काडी बुडवली, थांबले, बाहेर काढून हवेत हलवली. पांढरं वरपर्यंत चढलं होतं. सवयीनं मी पेन काढून कॅलेंडरकडं वळले, तर मावशी पायरीवरून म्हणाली, "आकडा नगं. रेघ मारा, मला दिसंल." मी काडी भिंतीला लावली, आणि पांढरं उडून जायच्या आत कोळशानं तेवढी रेघ ओढली. मग त्या रिकाम्या खोलीत, जरा मोठ्यानंच म्हणाले, "भरलाय, आबा."

"व्हय," मावशी बाहेरून म्हणाली. "भरलाय."